सफेताचा सण, पुंगोलच्या अकराव्या मजल्यावर

सिंगापूरला लोक काय काय पाहायला जातात. मी तिथे माझाच माहितीपट पाहायला गेले होते. लोकांनी करून दिलेल्या यादीतलं जेमतेम एक उद्यान माझं पाहून झालं, तेही पावसामुळे अर्धंच. बाकीचे दिवस पुंगोलमधल्या एका फ्लॅटमध्ये, पडदे ओढून, लॅपटॉपसमोर बसण्यात गेले. नाशिकला परतल्यावर शेजारच्या काकूंनी फोटो मागितले, तेव्हा दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पण सांगायला मात्र बरंच होतं.

आधी कामाविषयी थोडं सांगायला हवं. मी माहितीपट करते, आणि माझी पद्धत निव्वळ पाहण्याची आहे. कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत, वरून निवेदन घालायचं नाही, कुणाला ‘पुन्हा एकदा चालून दाखवा’ म्हणायचं नाही. कॅमेरा घेऊन घराच्या कोपऱ्यात इतके दिवस बसायचं, की घरच्यांना आपला कंटाळा येतो आणि ते आपापल्या कामाला लागतात. मग जे घडतं ते टिपायचं. ही पद्धत मला जमते. हे मी नम्रता बाजूला ठेवून सांगते, कारण वीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा ध्वनिमुद्रक सर्बियाच्या दक्षिणेला एका गावाच्या कडेला असलेल्या रोमांच्या, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांच्या वस्तीत पाच आठवडे राहिलो. मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांचा हेर्देलेझीचा सण असतो. आदल्या दिवशी नदीकाठच्या विलो नावाच्या झाडाच्या फांद्या तोडून आणतात आणि दारांना बांधतात, आपण पाडव्याला आंब्याचे डहाळे बांधतो तशा. पहाटे नदीचं पाणी आणतात, त्यात फुलं टाकून मुलींना अंघोळ घालतात. घरोघरी कोकरू भाजतात आणि दुपारपासून पितळी वाद्यांचा बँड गल्लीत फिरतो. रोमांचे पूर्वज फार फार पूर्वी आपल्याकडून गेले, हे सगळे सांगतात. मला त्या नात्यात रस नव्हता. ‘भारतीय बाई आपली हरवलेली भावंडं शोधायला गेली’ असा माहितीपट मला करायचा नव्हता. मला एका घरातला एक सण पाहायचा होता. ते घर होतं सफेता नावाच्या सत्तरीतल्या बाईंचं, आणि माझ्या माहितीपटाच्या टिपणात मी ठसक्यात लिहिलं होतं: ‘आम्ही तिथे नव्हतोच असं समजून हा सण पाहावा.’

युरोपातल्या एका महोत्सवाने माहितीपट घेतला, पण अट घातली. चित्रीकरणाच्या वेळी गावातला एक शाळामास्तर आमच्यासाठी भाषांतर करायचा. तो स्वतः रोमा नव्हता. घरातलं रोमांच्या भाषेतलं बोलणं त्याला पुरतं कळायचं नाही. तो घरच्यांनाच सर्बियनमध्ये विचारायचा आणि ते सांगतील ते लिहून द्यायचा. महोत्सवाचं म्हणणं, ज्याची ती मातृभाषा आहे अशा माणसाकडून ओळ न् ओळ तपासून घ्या. एका भाषा-अभ्यासकाने नाव सुचवलं. बाई त्याच जिल्ह्यातली, इंग्रजी उत्तम, आणि राहते सिंगापूरला. नवरा जहाजांवर इंजिनिअर, ती एका पाळणाघरात शिकवते.

मी तिला लिहिलं, चित्रफीत पाठवते. तिचं उत्तर आलं: ‘पाठवू नका. कुणाचं घर मी माझ्या कॉम्प्युटरवर ठेवत नाही. घेऊन या, दाखवा, परत घेऊन जा. आणि माझं नाव कुठेही यायला नको.’ तिला मी इथे एल्विरा म्हणते. ते तिचं नाव नाही.

बुकित बातोक

माझा मामेभाऊ प्रसाद बुकित बातोकला राहतो. बँकेत आहे, दहा वर्षं झाली, आता पीआरही, म्हणजे कायम राहायचा परवानाही मिळाला. विमानतळावर तो घ्यायला आला होता. माझी बॅग उचलताच म्हणाला, “ताई, आईने मेतकूट दिलंय का?”

“दिलंय. का रे?”

“वास येतोय.”

मामीने दिलेली पिशवी प्रवासात फुटली होती. माझे सगळे कपडे पिवळसर झाले होते. पुढचे आठ दिवस मी एमआरटीच्या गाडीत शिरले की शेजारचा माणूस एकदा हळूच आजूबाजूला पाहायचा. दोन्ही हार्डडिस्क मात्र मी हातातल्या पर्समध्ये ठेवल्या होत्या, त्या सुखरूप होत्या.

प्रसादची बायको अनघा घरूनच काम करते, आणि त्यांची इरा तिसरीत आहे. इराला मी मराठीत विचारायचे आणि ती मला इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

“आत्या, युवर मूव्ही गॉट स्टोरी ऑर नॉट?” तिने विचारलं.

“गोष्ट अशी नाही. एका आजीच्या घरचा सण आहे.”

“देन लाइक होम व्हिडिओ, लाह.”

अनघाने तिला दटावलं. मी म्हटलं, असू दे, अनुदान देणाऱ्या समितीनेही हेच विचारलं होतं.

चिनी नववर्ष नुकतंच होऊन गेलं होतं. ब्लॉकच्या प्रत्येक मजल्यावर दारांना लाल कागद, सोनेरी अक्षरं, आणि उंबऱ्याशी कुंडीत लहान संत्र्यांची झाडं. एका दारासमोर पाच मिनिटं उभी राहून मी मनातल्या मनात शॉट लावला. सवय.

पुंगोल

बुकित बातोक पश्चिमेला आणि पुंगोल अगदी ईशान्येच्या टोकाला. जुरोंग ईस्टला गाडी बदलायची, पुढे पुन्हा एकदा बदलायची, आणि शेवटी पुंगोलला एका डब्याची, चालक नसलेली छोटी गाडी. ती गोल फिरते. मी उलट्या बाजूने बसले आणि जिथून निघाले होते तिथेच दहा मिनिटांनी परत आले. समोर बसलेल्या एका तरुण आईने बाबागाडी हलवत विचारलं, “यू मिस युवर स्टॉप, इज इट?” मी हो म्हटलं. तिने मला हाताला धरून पलीकडच्या फलाटावर सोडलं.

एल्विरा दारातच उभी होती. चाळिशीची, उंच, केस आखूड कापलेले. घर नवंकोरं, खिडकीतून खालचा कालवा आणि त्याच्या काठाने सायकली चालवणारे लोक दिसत होते. तिने कॉफी केली, आपल्याकडच्या चहासारखी पातेल्यात उकळून, आणि पडदे ओढले.

पहिला दिवस झकास गेला. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, ती इंग्रजीत सांगणार, मी लिहिणार. दोन तासांत माहितीपटातली वीस मिनिटं झाली. बाजारात सफेता कोकरू निवडते तो प्रसंग पाहून ती खळखळून हसली. मास्तराने लिहिलं होतं, ‘सफेता कोकराची तारीफ करते.’ प्रत्यक्षात ती मालकाला म्हणत होती, “हे कोकरू तुझ्यापेक्षा म्हातारं आहे.” मी आनंदाने दुरुस्ती केली. असे विनोद सुटले होते याचं वाईट वाटलं, पण ते परत मिळत होते. त्या संध्याकाळी परतताना मी अगदी खुशीत होते.

दुपारी आम्ही तिच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये जेवायला गेलो होतो. मी पाटीवर कॅरट केक वाचलं आणि काहीतरी गोड म्हणून मागवलं. समोर आलं ते अंड्यात परतलेलं, मिरचीचं, मुळ्याचं काहीतरी. गाजर औषधालाही नव्हतं. चांगलं लागलं, दोन ताटल्या खाल्ल्या. तिथल्या स्टॉलवरच्या आंटीने एल्विराला विचारलं, “युवर फ्रेंड फ्रॉम इटली ऑल्सो?” एल्विरा नुसती हसली.

वर येताना लिफ्टमध्ये म्हणाली, “पाळणाघरातही सगळ्यांना वाटतं मी इटालियन आहे. मी कधी तसं सांगितलं नाही. फक्त नाही म्हटलेलं नाही.”

“रोमा म्हटलं तर काय होईल?”

“इथे? बहुतेक काहीच नाही. त्यांना शब्दच माहीत नाही. पण मी चौदा वर्षांची होईपर्यंत वर्गात शेवटच्या बाकावर एकटी बसले. ती सवय लिफ्टने अकरा मजले वर आलं म्हणून जात नाही.”

 

दुसरी बैठक

माझ्या माहितीपटातला सगळ्यांना आवडलेला प्रसंग स्वयंपाकघरातला आहे. सणाच्या आदली दुपार. सफेता आणि तिची सून जेमिला समोरासमोर बसून पिठाच्या पाऱ्या लाटत आहेत. खिडकीतून उजेड येतो आहे. दोघी हळू आवाजात बोलतात, साडेचार मिनिटं. मी कॅमेरा एकदाही हलवलेला नाही. मास्तराने लिहिलं होतं: ‘सफेता जुने सण आठवते आणि सगळं नीट पार पडो अशी प्रार्थना करते.’ पुढे बँड येतो, सगळे नाचतात, पण जेमिला शेवटपर्यंत स्वयंपाकघरातच दिसते. कच्चा माहितीपट पाहिलेल्या एका परीक्षकबाईंनी मला मुद्दाम कळवलं होतं, की सुनेच्या वाट्याला आलेली ही कैद तुम्ही एक शब्द न बोलता दाखवलीत. मीही ते मान्य करून टाकलं होतं.

एल्विराने प्रसंग एकदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला. मग लॅपटॉप स्वतःच बंद केला.

“तुला खरंच माहीत नाही?” तिने विचारलं.

“काय?”

“लिहून घे,” ती म्हणाली, आणि पुन्हा सुरू केलं. मी जे लिहिलं ते असं:

“हळू बोल. यंत्र चालू आहे.”

“आई, बँडवाल्यांना अजून नको म्हणता येईल. वर्ष व्हायचंय. लोक काय म्हणतील?”

“लोकांचं मी बघते. ही दोघं कुठून आलीत, ठाऊक आहे ना? सणासाठी आलीत. त्यांनी काय, आपलं रडणं घेऊन परत जायचं?”

“मला नाही नाचता यायचं.”

“तू नको नाचूस. मी नाचते. आणि त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. पोरांनाही सांगून ठेव.”

“त्याचा फोटो कुठे ठेवलात?”

“माझ्या उशीखाली.”

पुढे बराच वेळ फक्त लाटण्यांचा आवाज होता.

मी लिहिलेला कागद पाहत बसले. एल्विराने तोवर पुढचे प्रसंग पाहून बाकीचं तुकड्यातुकड्यांनी जुळवून सांगितलं, कारण पुढच्या प्रसंगांतही शेजारणी कुजबुजत होत्या आणि तेही मी ‘सणाची लगबग’ म्हणून वापरलं होतं. सफेताचा धाकटा मुलगा, जेमिलाचा नवरा, डेमिर, जर्मनीत कामावर असताना त्या हिवाळ्यात गेला होता. आम्ही पोचलो त्याच्या चार महिने आधी. त्यांच्यात घरात माणूस गेलं की वर्षभर गाणंबजावणं नसतं. त्या वर्षी त्या घरात सण होणारच नव्हता. तो आमच्यासाठी केला गेला.

“आम्ही तिथे नव्हतोच असं समजून पाहावा,” हे माझं वाक्य मला तोंडपाठ होतं. ते आठवून कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पाच आठवडे मी त्या घरात बसून होते. सफेताच्या डोक्यावर काळा रुमाल होता. मी तो म्हाताऱ्या बायकांचा पोशाख समजले. जेमिला हसत नव्हती. मी त्यात सुनेचा जाच पाहिला. पाहणं हाच माझा धंदा.

“आज थांबू या,” एल्विरा म्हणाली. तिने सोबत डब्यात भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी दिली. आपलं वांग्याचं भरीत जसं निखाऱ्यावर भाजून सोलून करतात तशीच ही चटणी ती गॅसवर करते. मी नको म्हणत होते. तिने डबा पर्समध्ये, हार्डडिस्कच्या शेजारी ठेवला.

पुन्हा बुकित बातोक

त्या संध्याकाळी प्रसादच्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हा लक्षात आलं, की ओळीतल्या एका दारावर लाल कागद नाही, कुंडी नाही, काही नाही. अनघाला विचारलं.

“मिसेस लिम,” ती म्हणाली. “नोव्हेंबरात त्यांचे मिस्टर गेले. त्यांच्यात मग त्या वर्षी नववर्ष करत नाहीत, कुणाकडे जातही नाहीत. आपल्यासारखंच. मी संत्री घेऊन जाणार होते, तर शेजारणीने सांगितलं, या वर्षी नको.”

आमच्याकडे माझे वडील गेले त्या वर्षी आईने कढई चढवली नव्हती. दिवाळीला फराळ शेजारून आला होता. हे सगळं मला माहीत होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाच्या घरात असू शकतं, हे सुचलं नव्हतं.

जेवताना मी सगळं सांगितलं. प्रसादने नीट ऐकून घेतलं. तो बँकेत जोखीम मोजणाऱ्या विभागात काम करतो, त्यामुळे तसाच विचार करतो.

“ताई, मला सांग, ही भाषा कळणारी किती माणसं महोत्सवात असतील?”

“दोन-चार असतील. कदाचित एकही नाही.”

“मग मास्तराचं भाषांतर ठेव. ते खोटं नाही, त्याला सांगितलं ते त्याने लिहिलं. माहितीपट चांगला आहे, सगळ्यांना आवडलाय.”

अनघाने भात वाढता वाढता विचारलं, “आणि त्या दोघी? त्या पाहणार नाहीत का कधी?”

 इराने विचारलं, “सो द ग्रँडमा ॲक्टिंग, इज इट?”

“नाही गं,” मी म्हटलं. मग विचार करून म्हटलं, “पाहुण्यांसाठी करत होती.”

“मम्मी ऑल्सो डू लाइक दॅट व्हेन यू कम,” इरा म्हणाली. अनघा लाजली आणि आम्ही तिघंही हसलो. पण त्या हसण्यात माझा निर्णय होऊन गेला. जे बोललं गेलं तेच लिहायचं. फक्त ज्यांनी हळू बोलायचं ठरवलं होतं, त्यांना आधी विचारायचं. त्या नाही म्हणाल्या, तर माहितीपट मागे घ्यायचा.

महोत्सवाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं, की माहितीपट बदलतो आहे, तीन आठवडे द्या. आणि घरच्यांनी नको म्हटलं तर तो मिळणारच नाही. वीस वर्षांत मी असं पत्र पहिल्यांदाच लिहिलं. पाठवल्यावर मात्र बरं वाटलं.

पुंगोल, दुपारी चार

सफेताच्या गावात सकाळचे नऊ. माझा निर्णय कळल्यावर एल्विराने आपल्या आत्याकडून सफेताच्या नातीचा नंबर मिळवला होता. व्हिडिओ कॉल लागला. आधी छत दिसलं, मग एक कान, मग सफेता. मागे तीच शेगडी होती. काळा रुमाल नव्हता. निळा, फुलांचा होता.

मला पाहून ती एकदम खूप बोलली. एल्विरा म्हणाली, “विचारते आहे, तू बारीक का झालीस आणि तुझ्यासोबतच्या त्या माइकवाल्या मुलाचं लग्न झालं का.”

“सांग, झालं.”

“मुलगी कशी आहे विचारते.”

दहा मिनिटं असंच चाललं. शेवटी मी एल्विराला खूण केली. ती सावकाश बोलू लागली आणि सफेता ऐकत राहिली. मध्येच तिने फोन टेबलावर कशाला तरी टेकवला. त्यामुळे ती अगदी मध्यभागी, समोर दिसू लागली.

“मला आधीच सांगायला हवं होतंत,” मी म्हटलं.

एल्विराने ते पोचवलं. उत्तर लगेच आलं.

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“परत गेले असते.”

“तेच. सणासाठी इतक्या लांबून आलेली माणसं माझ्या दारातून उपाशी परत गेली असती. डेमिरला ते आवडलं नसतं. त्याला पाहुणे फार आवडायचे. त्याच्यापायी मला कधी चार माणसांचं जेवण करता आलं नाही, दहांचंच करावं लागायचं.”

ती थांबली. मग विचारलं, “तुझ्या सिनेमात तो आहे का?”

“नाही.”

“कसा असेल. मीच सगळ्यांना बजावलं होतं. आता वर्ष होऊन गेलंय. आता नाव घेता येतं. घे.”

मी जेमिलाशी बोलायचं आहे असं सांगितलं. ती कुठेतरी मागेच होती. पुढे आली, पण बसली नाही. उभ्यानेच, ओले हात पुसत बोलली. तिचं बोलणं छोटं होतं. एल्विराने ते सांगायला मात्र वेळ घेतला.

“ती म्हणते, ठेव. पण लोकांना असं वाटायला नको की तिला कुणी स्वयंपाकघरात बसवलं होतं. बाहेर वाजत होतं, आणि तिला त्या दिवशी तिथेच बसायचं होतं. सासूने तेवढ्यासाठी सगळ्या बायकांना बाहेर काढलं होतं, की हिला एकटीला बसता यावं.”

परीक्षकबाईंचं पत्र मला आठवलं. मी जेमिलाला सांगितलं, की मी चुकीचं समजले होते. तिने खांदे उडवले आणि पहिल्यांदाच जराशी हसली. “तू विचारलंच नाहीस,” ती म्हणाली.

विचारायचं नाही हा माझा नियम होता. मी तो तिला समजावून सांगायच्या फंदात पडले नाही.

फोन ठेवता ठेवता सफेता परत आली. “आणि माझा नाच? पूर्ण घेतलास?”

“थोडा घेतलाय.”

“पूर्ण ठेव,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत.”

एल्विराने फोन बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. “माझी आजी अशीच बोलायची,” एवढंच म्हणाली. मी तिला विचारलं, आता तरी तुझं नाव माहितीपटात घालू का. ती म्हणाली, “नाही.” मी पुन्हा विचारलं नाही.

शेवटची बैठक

पुढचे तीन दिवस आम्ही सगळ्या माहितीपटाचं भाषांतर पहिल्यापासून पुन्हा लिहिलं. काम चोख झालं. एल्विरा वाक्यावर समाधानी नसली की खोलीत येरझारा घालायची आणि तिला हवा तसा शब्द मिळाला की बोट वर करायची. बाहेर रोज दुपारी गडगडून पाऊस यायचा आणि तासाभरात कालव्याकाठी पुन्हा सायकली दिसायच्या. पाळणाघरातून ती दीडला सुटायची, दोनला आम्ही बसायचो. मला आता छोट्या गाडीची बाजूही चुकत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी मी नाचाचं मूळ चित्रण उघडलं. अकरा मिनिटांचा सलग शॉट आहे. माहितीपटात मी त्यातली पहिली दोन मिनिटंच वापरली होती: सफेता रांगेच्या टोकाला, उंचावलेल्या हातात रुमाल, मागे हात धरून पंचवीस-तीस माणसं, आणि कर्णे. आनंदी म्हातारी, सण शिगेला. तिथेच मी कापलं होतं.

आता आम्ही पुढचं पाहिलं. सातव्या मिनिटाला तिने रुमाल शेजारणीच्या हातात दिला आणि ती रांगेतून बाहेर पडली. घराच्या भिंतीपाशी गेली. भिंतीवर तळवा टेकवून, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. पहिल्यांदा हे पाहिलं होतं तेव्हा मला वाटलं होतं, बाईंना दम लागला. पण तिचे खांदे वरखाली होत नव्हते. ती अगदी स्थिर उभी होती. पलीकडे रांग फिरत होती. रांगेतल्या प्रत्येकाने तिच्याजवळून जाताना मान खाली घातली. प्रत्येकाने. तेही मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

मग ती वळली. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं आणि सरळ कॅमेऱ्याकडे चालत आली. माझ्या पद्धतीत माणसाने कॅमेऱ्यात पाहिलं की तो तुकडा बाद. म्हणून हा भाग मी पहिल्याच दिवशी टाकून दिला होता, आवाजही नीट ऐकला नव्हता. ती इतकी जवळ आली की चेहरा धूसर झाला. काहीतरी बोलली. पाठोपाठ माझाच आवाज आला, उत्साहाने भरलेला: “येस, येस. व्हेरी ब्यूटिफुल.”

एल्विराने तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“थांब,” मी म्हटलं. “सांगू नकोस.”

मी दहा सेकंद मागे नेलं, हेडफोन लावला आणि पुन्हा ऐकलं. कर्ण्यांच्या खालून सफेताचा आवाज येत होता, थकलेला, पण स्पष्ट.

“खालान तू, छाये?”

भाषांतराची गरज नव्हती. खाल्लंस का तू, पोरी. दोन वर्षं ते वाक्य माझ्या कपाटात पडून होतं आणि नाशिकच्या कुठल्याही माणसाला ते पहिल्या फटक्यात कळलं असतं.

“मग? खाल्लं होतंस का?” एल्विराने विचारलं.

मला आठवलं. खाल्लं नव्हतं. सणाच्या दिवशी पहाटेपासून मी कॅमेरा खांद्यावरून उतरवला नव्हता. चित्रणात यानंतर चौकट हलते, जमीन दिसते, माझे बूट दिसतात, कारण सफेताने माझा एक हात धरून त्यात कोकराचं मांस गुंडाळलेली भाकरी कोंबली होती. जमिनीचं ते चित्र मिनिटभर तसंच चालू राहतं. त्यावर बँडचा आवाज आहे, आणि मी खात असल्याचा.

माहितीपट आता तिथे संपतो. सुरुवातीला डेमिरचं नाव आहे. माझं ‘व्हेरी ब्यूटिफुल’सुद्धा मी काढलेलं नाही.